कवटी कुणाची, हा प्रश्न मानवशास्त्राला इतका उशिरा का पडला?

२०१४ सालच्या उन्हाळ्यात बर्लिनच्या दालेम भागात, फ्री युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयाजवळ दुरुस्तीसाठी खोदकाम चालू होतं. खोदताना माणसांची हाडं निघाली. पोलीस आले, तपासणी झाली आणि काही महिन्यांत त्या हाडांचं दहन करून ती पुरूनही टाकली गेली. ती कुणाची होती याचा नीट शोध कुणी घेतला नाही.

त्यावर टीका झाली, कारण ती जागा साधी नव्हती. जवळच इन्हेश्ट्रासे २२ ही इमारत आहे. आज तिथे राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. १९२७ पासून दुसरं महायुद्ध संपेपर्यंत तिथे मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र (‘चांगल्या’ रक्ताची पैदास वाढवून ‘वाईट’ रक्ताची थांबवू पाहणारं शास्त्र) यांची कैसर विल्हेल्म संस्था होती. ऑशविट्झच्या छावणीतला डॉक्टर योझेफ मेंगेले याने मारल्या गेलेल्या कैद्यांचे डोळे आणि कैद्यांच्या रक्ताचे नमुने पाठवले, ते याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांना. टीकेनंतर पुरातत्त्वज्ञांनी तिथे पद्धतशीर उत्खनन केलं आणि हाडांचे सुमारे १६,००० तुकडे सापडले. काही तुकड्यांवर गोंदाचे अंश होते, काहींवर लिहिल्याच्या खुणा होत्या. म्हणजे ही माणसं कधी काळी कुठल्यातरी संग्रहातल्या ‘वस्तू’ होती.

मराठी वाचकाने या इमारतीकडे नीट पाहावं असं मला वाटतं, त्याला एक कारण आहे. आपल्या मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे याच संस्थेत शिकल्या. त्यांच्याकडे मी पुढे येतेच. आधी एका प्रश्नाचा उलगडा करायला हवा: एखादं शास्त्र वंशवादात सामील होतं, असं म्हणतात तेव्हा नेमकं काय घडलेलं असतं?

आपण सहसा समजतो की काही दुष्ट शास्त्रज्ञांनी शास्त्राचा गैरवापर केला, बाकीचं शास्त्र स्वच्छ होतं. दालेमची गोष्ट तशी नाही. तिथलं काम रोजच्या, शिस्तीच्या आणि त्या काळी प्रतिष्ठित मानल्या जाणाऱ्या पायऱ्यांनी चाललं होतं. आधी माणसांचे अवशेष गोळा करायचे, मग ते मोजायचे. आकड्यांवरून गट पाडून त्यांना नावं द्यायची. शेवटी सरकारने विचारलं की अमुक माणूस कोणत्या गटातला ते लिहून द्यायचं. पहिल्या पायरीवरच्या माणसाला शेवटच्या पायरीवर काय होणार हे दिसत नाही, आणि शेवटच्या पायरीवरचा म्हणतो की मी फक्त शास्त्राने ठरवलेलं सांगितलं.

संस्थेचा पहिला संचालक ऑयगेन फिशर याच्या आयुष्यात या सगळ्या पायऱ्या ओळीने दिसतात. आजचा नामिबिया तेव्हा जर्मनीची वसाहत होता. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने तिथल्या हिरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. इतिहासकारांच्या अंदाजाप्रमाणे हिरेरोंपैकी सुमारे ८० टक्के माणसं त्यात संपली. शार्क आयलंडच्या छावणीत कैदी बायकांना मेलेल्या कैद्यांची डोकी उकळून काचेच्या तुकड्यांनी खरवडायला लावत. साफ झालेल्या कवट्या पेट्यांमध्ये भरून जर्मनीत अभ्यासाला जात. या बायकांच्या हातात आलेलं डोकं कदाचित त्यांच्याच माणसाचं असे. संग्रहाच्या नोंदवहीत मात्र त्याची ओळख म्हणजे एक क्रमांक.

याच वसाहतीत १९०८ साली फिशर रेहोबोथ या गावी गेला. युरोपीय पुरुष आणि आफ्रिकी स्त्रिया यांच्या मिश्र वंशजांची ती वस्ती होती. त्याने त्यांची डोकी, नाकं, केसांचा पोत, डोळ्यांचा रंग यांच्या नोंदी केल्या आणि १९१३ साली त्यावर ग्रंथ काढला. ‘खालच्या’ वंशाचं रक्त मिसळलं की युरोपीय समाज घसरतो, असा निष्कर्ष त्याने त्यात मांडला. तो निष्कर्ष त्याच्या मोजमापांतून निघतच नव्हता. नाकाच्या लांबीवरून समाजाच्या घसरणीचा हिशेब कसा मांडणार? पण आकड्यांचे तक्ते शेजारी छापलेले असले की वाचणाऱ्याला वाटतं, हाही शास्त्राचाच भाग असणार. ग्रंथ गाजला आणि पुढे संस्थाही मिळाली. १९३३ साली नाझी सत्तेवर आल्यावर फिशर बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. १९३७ साली ऱ्हाइनलँडमधल्या सुमारे ४०० मुलांची गुपचूप सक्तीने नसबंदी करण्यात आली. पहिल्या महायुद्धानंतर तिथे आलेल्या फ्रेंच फौजेतल्या आफ्रिकी आणि आशियाई सैनिकांची ही मुलं. त्यांचा वंश ‘तपासून’ अहवाल देणाऱ्यांत दालेमचे तज्ज्ञ होते. रेहोबोथमध्ये सुरू झालेली मोजणी २९ वर्षांनी शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचली.

युद्ध संपल्यावर हिशेब झाला का? फारसा नाही. फिशरनंतर १९४२ साली संचालक झालेला आणि मेंगेलेचा गुरू असलेला ओटमार फॉन फेर्शुअर १९५१ साली म्युन्स्टर विद्यापीठात मानवी आनुवंशिकीचा प्राध्यापक झाला. फिशरला जर्मन मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९५२ साली सन्माननीय सदस्य करून घेतलं. सामील असणं म्हणजे काय, याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण मला हेच वाटतं. १९५२ साली कुणाचाही जीव धोक्यात नव्हता, हुकूमशहा डोक्यावर बसलेला नव्हता. सहकाऱ्याला सन्मान न देणं एवढंच करायचं होतं, आणि तेही झालं नाही. इमारतीवर स्मरणफलक लागायला १९८८ उजाडलं. कैसर विल्हेल्म संस्थांचा वारसा चालवणाऱ्या माक्स प्लांक सोसायटीच्या अध्यक्षांनी प्रयोगांतून वाचलेल्यांची जाहीर माफी मागितली ती २००१ साली.

आता इरावतीबाईंकडे येऊ. जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. इरावदी नदीवरून नाव ठेवलेलं. पुण्यात हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिक्षण, मग मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली अभ्यास. लग्न महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या मुलाशी, दिनकररावांशी. सुनेने जर्मनीला जाणं खुद्द अण्णांना पसंत नव्हतं. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला पोहोचल्या आणि फिशरच्या विद्यार्थिनी झाल्या.

त्यांना विषय मिळाला माणसाच्या कवटीतल्या असमतोलाचा. कुणाचीही कवटी दोन्ही बाजूंनी अगदी सारखी नसते. फिशरचं गृहीतक असं होतं की गोऱ्या युरोपीयांची बुद्धी आणि तर्कशक्ती जास्त असल्याने त्यांच्या कवटीची एक बाजू अधिक वाढलेली असणार आणि इतर वंशांत तसं दिसणार नाही. बाईंनी युरोपातल्या आणि युरोपाबाहेरच्या कवट्या घेऊन उजवी-डावी बाजू मोजली. असमतोल सगळ्यांतच निघाला. वंशाशी त्याचा संबंध लागला नाही आणि त्यांनी प्रबंधात तेच लिहिलं. विशीतली, परक्या देशातली, परक्या भाषेत लिहिणारी एक हिंदुस्थानी मुलगी, आणि समोर परीक्षक म्हणून या विषयातला जर्मनीतला मोठा अधिकारी. ‘तुमचं गृहीतक आकड्यांत बसत नाही’ हे त्या खोलीत सांगायला किती धीर लागला असेल!

ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवी. पण इथेच थांबलं तर अर्धीच सांगितली असं होईल. ज्या संस्थेत त्या मोजत होत्या, तिच्या संग्रहात वसाहतींतून आणलेल्या कवट्या होत्या. कवटीची उजवी बाजू मोठी की डावी, याचं उत्तर बाईंनी प्रामाणिकपणे दिलं. कवटी कुणाची आणि इथवर कशी आली, हा प्रश्न त्या काळच्या शास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत नव्हताच. चुकीचं उत्तर खोडणं आणि प्रश्नच बदलणं यांत केवढं अंतर असतं, हे इथे दिसतं.

हे अंतर समजण्यासाठी एकदा मोजण्याचं हत्यार हातात घेऊन पाहावं. मी कॉलेजात असताना प्रात्यक्षिकाला आमच्यासमोर कॅलिपर ठेवला होता. पट्टीवर सरकणारा, गार पोलादाचा. शेजारच्या मैत्रिणीचं नाक मोजायचं होतं. सूत्र सोपं: नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर. सत्तरच्या आत आलं तर अरुंद नाक, सत्तर ते पंच्याऐंशी मध्यम, त्यापुढे रुंद. तिची रुंदी भरली ३४ मिलिमीटर आणि उंची ४९. गुणोत्तर ६९.४, म्हणजे अरुंद. शिकवणाऱ्या बाईंनी पुन्हा मोजायला सांगितलं. भुवयांच्या मधला बिंदू बोटाने चाचपून धरायचा असतो, तो या वेळी जरासा खाली धरला गेला. उंची आली ४८, गुणोत्तर ७०.८. मैत्रीण मध्यम गटात गेली. एका मिलिमीटरने तिचा ‘वर्ग’ बदलला. ती हसत होती. मला मात्र तेव्हापासून कुठलाही तक्ता पाहिला की आधी वाटतं, कॅलिपर कुणाच्या हातात होता?

याच सूत्रावर हर्बर्ट रिझली या ब्रिटिश अधिकाऱ्याने अख्ख्या हिंदुस्थानची उतरंड रचली. १९०१ च्या जनगणनेचा तो आयुक्त. जातीचा सामाजिक दर्जा तिच्या नाकाच्या सरासरी रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असतो, असं त्याचं विधान. नाक जितकं रुंद तितकी जात खालची. उच्चवर्णीय म्हणजे आर्य, बाकीचे जिंकलेले, ही कल्पना आधीच हवेत होती, रिझलीने तिला दशांश चिन्ह दिलं. आपल्याकडच्या अनेक शिकलेल्या लोकांना ती आवडली, हेही सांगायला हवं. आपण राज्यकर्त्यांच्याच वंशाचे, हा दिलासा काही कमी नव्हता.

या मांडणीला अचूक धक्का दिला तो न्यूयॉर्कमध्ये शिकणाऱ्या २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जातींवरचा निबंध वाचला. त्यात ते म्हणतात की युरोपीय अभ्यासकांनी जातिव्यवस्थेत रंगाला नको इतकं महत्त्व दिलं, कारण त्यांच्याच मनात रंगाचे पूर्वग्रह मुरलेले होते, म्हणून जातीच्या प्रश्नाचं मूळही त्यांना रंगातच दिसलं. मोजणाऱ्याच्या डोळ्यात काय आहे ते आधी पाहा, हे बाबासाहेब या शास्त्राला त्याच्याच वर्गात बसून सांगत होते.

पुढे घुर्ये यांनी १९३२ साली रिझलीचे आकडे पुन्हा तपासले, तर मुंबई इलाख्यात तो नियम बसतच नव्हता. १९४८ साली बाबासाहेबांनी घुर्ये यांनी मांडलेली मोजमापं हातात घेतली आणि अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध घेताना दाखवून दिलं की मानवमितीवर, म्हणजे शरीराच्या मोजणीवर, विश्वास ठेवायचाच असेल, तर तिचे आकडे ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत असं सांगतात. म्हणजे अस्पृश्यतेचं मूळ रक्तात नाही, समाजात शोधायला हवं. विरोधकाचं हत्यार घेऊन त्याचाच दावा मोडायचा. बाईंनी बर्लिनमध्ये केलं तेही हेच.

पण हत्यार हातात राहिलं की त्याची सवय लागते. जर्मनीहून परतल्यावर इरावतीबाईंनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात तीस वर्षं काम केलं आणि महाराष्ट्रभर जातवार शरीरमोजणीही केली. वि. म. दांडेकर यांच्याबरोबरचा त्यांचा महाराष्ट्राच्या मोजमापांवरचा ग्रंथ १९५१ सालचा. त्यांचे निष्कर्ष उतरंडीच्या विरुद्धच जातात. १९६८ साली मल्होत्रा यांच्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या एकाच दर्जाच्या आठ ब्राह्मण पोटजाती तपासल्या आणि त्या शरीरदृष्ट्या एकमेकींपासून वेगळ्या निघाल्या. म्हणजे ‘ब्राह्मण’ या नावाखाली एकच रक्त वाहतं, हा समज टिकत नाही. तरीही मोजायचं ते जातीचा गट धरूनच. जात ही शरीरात शोधण्याची गोष्ट आहे का, हा प्रश्न कॅलिपरला विचारता येत नाही. बाईंच्या लेखनावर मी वाढले आहे, त्यांच्याविषयीचा आदर तसूभर कमी न करता हे लिहिते आहे. आपल्या माणसांबद्दल असं बोलता आलं नाही, तर फिशरबद्दल बोलणं फार सोपं होऊन जातं.

अमेरिकेतही हीच अडचण आहे, आणि ती मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्या रूपाने उभी राहते. गोल्डनवायझर त्यांचेच शिष्य. वंशवादाविरुद्ध शास्त्राच्या बाजूने सगळ्यात ठामपणे उभा राहिलेला हा माणूस. त्यांनी न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरितांची हजारो डोकी मोजून दाखवलं की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार आईवडिलांपेक्षा वेगळा असू शकतो. डोक्याचा आकार म्हणजे वंशाची कायमची मोहोर, हा समज त्यामुळे ढासळला. याच बोआस यांनी १८८८ साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर मूळ रहिवाशांच्या थडग्यांतून हाडं काढली होती. थडग्यांतली हाडं चोरणं फार नकोसं काम आहे, पण कुणीतरी ते करायलाच हवं, असं त्यांनी तेव्हा लिहून ठेवलं.

मग मिनिकची गोष्ट. १८९७ साली ध्रुवप्रदेशाचा प्रवासी रॉबर्ट पिअरी याने ग्रीनलंडहून सहा इनुइट माणसांना न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आणलं. अभ्यासासाठी कुणाला तरी आणावं, असं बोआस यांनी सुचवलं होतं. त्यांना संग्रहालयाच्या तळघरात ठेवलं. काही महिन्यांत चौघं क्षयाने गेली. त्यांत किसुक होता, लहानग्या मिनिकचा बाप. मुलाच्या समाधानासाठी संग्रहालयाच्या आवारात किसुकचा दफनविधी झाला. प्रत्यक्षात कातड्यात गुंडाळून पुरला होता तो लाकडाचा ओंडका. किसुकचा सांगाडा आत संग्रहात गेला. मिनिकला हे पुढे कळलं. त्याने वडिलांची हाडं परत मागितली, ती मिळाली नाहीत. १९१८ साली तो साथीच्या तापात वारला. किसुक आणि बाकी तिघांच्या अस्थी ग्रीनलंडला परत गेल्या १९९३ साली. मिनिकच्या मरणाला तेव्हा ७५ वर्षं झाली होती.

वंशवादाला विरोध करणारा माणूसही त्यात सामील असू शकतो, हे मिनिकच्या गोष्टीइतकं स्पष्ट मला दुसरीकडे दिसलेलं नाही. बोआस यांच्या मनात इनुइट लोकांबद्दल तुच्छता नव्हती. पण सांगाडा हे शास्त्राचं साहित्य असतं, ही सवय होती, आणि त्या सवयीपुढे एका मुलाचा बाप दिसेनासा झाला.

मग आज हे शास्त्र स्वतःकडे पाहतं म्हणजे काय करतं? विज्ञानाचा निवाडा तसा झालेला आहे. माणसामाणसांतल्या आनुवंशिक फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक कुठल्याही एका लोकसमूहाच्या आतच सापडतात, हे १९७२ साली आनुवंशिकीतज्ज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखवलं. २०१९ साली जर्मन प्राणिशास्त्रज्ञांनी येना इथे एक जाहीरनामा काढला. वंशाची कल्पना हे वंशवादाचं फळ आहे, त्याचं मूळ नव्हे, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे आधी माणसांना वर-खाली लावलं, मग त्याला शोभतील असे गट शोधले. अमेरिकेतल्या शारीर मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेने नाव बदलून जैविक मानवशास्त्रज्ञांची संघटना असं केलं. नाव बदलण्याला मी फार मोल देत नाही. संग्रहातल्या कपाटांत काय आहे ते पाहायला हवं.

ते पाहणं किती राहून गेलं होतं, हे फिलाडेल्फियात दिसलं. १९८५ साली तिथल्या पोलिसांनी मूव्ह या कृष्णवर्णीय गटाच्या घरावर बॉम्ब टाकला. पाच मुलांसह अकरा जण मेले. त्यातल्या एका मुलीची समजली जाणारी हाडं तपासणीसाठी म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयात गेली आणि अनेक वर्षं अभ्यासकांच्याच ताब्यात राहिली. पुढे ती एका ऑनलाइन अभ्यासक्रमात कॅमेऱ्यासमोर धरून विद्यार्थ्यांना दाखवली गेली. कुटुंबाला पत्ताच नव्हता. हे उजेडात आलं २०२१ साली, म्हणजे वंशवादाविरुद्धचे ठराव सगळ्यांनी पास करून झाल्यावर.

खरा बदल मला दिसतो तो दोन निर्णय शेजारी ठेवल्यावर. दालेमच्या त्या १६,००० तुकड्यांची डीएनए तपासणी करता आली असती. पण ज्यूंच्या, सिंती आणि रोमा लोकांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या संघटनांशी बोलून ठरलं की नको. या माणसांचा ‘वंश’ पुन्हा एकदा प्रयोगशाळेत शोधायचा नाही. २३ मार्च २०२३ रोजी ते सगळे अवशेष दालेमच्या दफनभूमीत एकत्र पुरले गेले.

त्याच शहरात दुसऱ्या एका संग्रहात जर्मन पूर्व आफ्रिकेतून (आजचा टांझानिया आणि शेजारचे देश) आणलेल्या हजाराहून जास्त कवट्या होत्या. किलिमांजारोच्या उतारावरच्या चग्गा लोकांचा एक प्रमुख मांगी मेली याला जर्मनांनी मार्च १९०० मध्ये साथीदारांसह फाशी दिलं. त्याचं डोकं जर्मनीला नेलं, असं तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. त्याचा नातू अनेक दशकं त्या डोक्याचा शोध घेत होता. इथे घरच्यांना डीएनए तपासणी हवी होती. त्यांनी स्वतःची लाळ दिली. हत्यार तेच, आनुवंशिकीचं, पण प्रश्न त्यांचा होता: यात आमचा माणूस आहे का? सप्टेंबर २०२३ मध्ये काही कवट्यांची नाती टांझानियातल्या हयात कुटुंबांशी जुळली. त्यातली एक मांगी मेलीच्या मुख्य सल्लागाराची, अकिडाची निघाली.

मांगी मेलीची कवटी त्यात नव्हती.